गुडघ्यातील कूर्चेच्या शस्त्रक्रियेनंतरचे दहा महिने: वापरलेल्या साधनांचे आणि फिजिओथेरपीचे परीक्षण

माझ्या उजव्या गुडघ्यात, मांडीच्या हाडाच्या आतल्या बाजूच्या गोलाईवर, साधारण दीड चौरस सेंटीमीटर एवढ्या जागेतील कूर्चा, म्हणजे हाडाच्या टोकावरचे गुळगुळीत आवरण, थेट हाडापर्यंत उखडली होती. दुर्बिणीतून मायक्रोफ्रॅक्चरची शस्त्रक्रिया झाली, त्याला आता दहा महिने होऊन गेले आहेत. या काळात मी दोन प्रकारच्या कुबड्या, बिजागरीचा ब्रेस, गुडघा आपोआप हलवणारे सीपीएम यंत्र, थंड पाणी फिरवणारे शेकाचे यंत्र, स्नायूंना विजेचे सौम्य झटके देणारे उपकरण, व्यायामाची सायकल आणि फिजिओथेरपीच्या दोन वेगवेगळ्या सेवा वापरल्या. काही वस्तू विकत घेतल्या, काही भाड्याने आणल्या, तर एक शिवणाच्या डब्यात आधीपासूनच पडून होती. हे परीक्षण त्या सगळ्यांचे आहे. शस्त्रक्रियेबद्दल मात्र मी मत देणार नाही. भूल दिलेल्या माणसाने त्यावर काय बोलावे?

साधने जोखण्याची माझी कसोटी आधी सांगते, कारण ती पटली नाही तर पुढचे शेरे विचित्र वाटतील. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात आणि मज्जातंतूही नसतात. तिच्या पेशींना पोषण मिळते ते सांध्यातल्या वंगणद्रवातून, आणि तेही दाब पडून सुटण्याच्या क्रियेत, स्पंज दाबून सोडल्यावर पाणी आतबाहेर व्हावे तसे. म्हणूनच ती आपणहून भरून येत नाही. विल्यम हंटर या शल्यवैद्याने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते की ही कूर्चा एकदा नष्ट झाली की परत येत नाही. मायक्रोफ्रॅक्चर ही पद्धत रिचर्ड स्टेडमन या अमेरिकी शल्यविशारदांनी १९८० च्या दशकात रूढ केली. तिच्यात उघड्या पडलेल्या हाडाला तीन-चार मिलिमीटरच्या अंतराने बारीक छिद्रे पाडतात, त्यांतून मज्जेतील रक्त आणि पेशी वर येऊन खड्ड्यात गुठळी धरते, आणि पुढे कित्येक महिने त्या गुठळीचे रूपांतर होत होत तंतुमय कूर्चा तयार होते. मूळ कूर्चेइतकी ती चिवट आणि गुळगुळीत नसते, पण खड्डा भरते. यातली मेख अशी, की ही भर कच्ची असताना तिच्यावर जादा भार पडला तरी ती स्वतः दुखत नाही, कारण दुखायला तिच्यात मज्जातंतूच नसतात. दुखते ते खालचे हाड, सांध्याचे अस्तर आणि आजूबाजूचे स्नायू. त्यामुळे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, जेव्हा जखमेचे व्रण फिके पडलेले असतात आणि चालही सरळ झालेली असते, तेव्हा माणसाला आपण बरे झालो असे वाटू लागते आणि नेमक्या त्याच वेळी आतली भर अर्धीकच्ची असते. तेव्हा माझी कसोटी एवढीच होती: हे साधन किंवा ही सेवा मला गुडघ्याची खरी अवस्था कळू देते का, आणि मी अवेळी पुढे धावत असेन तर मला अडवते का?

कुबड्यांपासून सुरुवात करते. पहिल्या दिवशी हातात पडल्या त्या काखेत धरायच्या, लाकडी, आणि माझ्या उंचीला दोन बोटे जास्तच उंच. काख आणि कुबडीची गादी यांत दोन-तीन बोटांचे अंतर असले पाहिजे आणि शरीराचा भार तळहातांवर यायला हवा, काखेवर नव्हे, हे मला कोणी सांगितले नाही. मी तीन दिवस काखेवर लटकत चालले आणि चौथ्या दिवशी हाताच्या बोटांना मुंग्या येऊ लागल्या, कारण काखेतून जाणाऱ्या नसा दाबल्या जात होत्या. त्यानंतर कोपराच्या कुबड्या घेतल्या आणि त्यांना पूर्ण गुण. हात सरळ खाली सोडल्यावर मूठ मनगटाच्या रेषेपाशी यावी आणि धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहावे, एवढे जमवले की झाले. खालचे रबरी टोक मात्र दर पंधरा दिवसांनी उलटे करून पाहावे. माझे एक टोक एका बाजूने इतके झिजले होते की न्हाणीघराच्या ओल्या फरशीवर कुबडी एकदा हातभर सरकली, आणि तो क्षण आठवला की अजूनही पोटात गोळा येतो. जिन्यावर चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कुबड्या आणि दुखरा पाय, हा नियम दोन दिवसांत अंगवळणी पडतो. दोन्ही हात अडकलेले असताना पाण्याची बाटली एका खोलीतून दुसऱ्या खोलीत न्यायची कशी हे शिकायला मला जास्त दिवस लागले. शेवटी खांद्याला अडकवायची कापडी पिशवी कामी आली.

सहा आठवडे उजव्या पायावर १० किलोपेक्षा जास्त भार टाकायचा नाही, असे मला सांगितले होते. १० किलो म्हणजे किती हे पायाला कळणार कसे? यावर उपाय निघाला तो घरातल्या वजनकाट्याचा. काट्याच्या उंचीएवढा पुस्तकांचा थर रचून त्यावर डावा पाय ठेवायचा, उजवा पाय काट्यावर, दोन्ही कुबड्या हातात, आणि हळूहळू दाब देत काटा १० वर आणायचा. मला वाटत होते की मी जेमतेम पाय टेकवते आहे, आणि काटा २६ दाखवत होता. पहिले दोन आठवडे मी रोज सकाळी पाच मिनिटे हा सराव केला. सीपीएमच्या भाड्यात असे कितीतरी वजनकाटे आले असते, आणि तरी त्या दोन आठवड्यांत माझ्या गुडघ्याचे सर्वांत जास्त रक्षण कोणी केले असेल तर या काट्यानेच.

बिजागरीच्या ब्रेसबद्दल माझे मत बरे नाही, पण ते माझ्या जखमेपुरतेच घ्यावे. जखम गुडघ्याच्या वाटीच्या मागे किंवा वाटी ज्या खाचेत सरकते तिथे असेल, तर ब्रेस हा उपचाराचाच भाग असतो. पाय सरळ असताना उभे राहिले तर चालते, पण गुडघा वाकवून भार टाकला की वाटी नव्या भरीवर दाबली जाते, आणि ब्रेसची खीळ तेच रोखते. माझी जखम भार पेलणाऱ्या गोलाईवर होती, त्यामुळे माझे रक्षण कुबड्या करत होत्या आणि ब्रेसचे काम फक्त मांडीचा स्नायू जागा होईपर्यंत गुडघा अचानक मुडपू न देण्याचे होते. मांडी जसजशी रोडावली तसतसा ब्रेस खाली घसरू लागला, बिजागरी सांध्याच्या तीन बोटे खाली येऊ लागली, आणि चिकटपट्ट्यांत धागे अडकून तिसऱ्या आठवड्यात त्यांची पकडही गेली. ब्रेस घेताना बिजागरीचे कोन बसवायचे बटण चष्म्याशिवाय वाचता येते का एवढे जरूर पाहावे.

आता सीपीएम यंत्र, ज्यावर मी सर्वांत जास्त आशा ठेवली होती. सांध्याला अंथरुणात पडल्या पडल्या सतत हळूहळू हलवत ठेवले तर कूर्चा चांगली भरून येते, ही कल्पना टोरंटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांची. सशांच्या गुडघ्यांवर त्यांनी केलेले प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाले, आणि पुढे मायक्रोफ्रॅक्चरनंतर रोज सहा ते आठ तास, सहा ते आठ आठवडे हे यंत्र वापरण्याचा प्रघात पडला. माणसांच्या बाबतीत त्याचा नेमका किती फायदा होतो याबद्दल एकवाक्यता नाही, आणि सगळेच शल्यविशारद ते सांगत नाहीत. मला सांगितले होते, म्हणून मी भाड्याने आणले.

यंत्र घेऊन आलेल्या माणसाने ते पलंगावर ठेवले, पाय त्यात अडकवला, वेग मिनिटाला एक फेरी असा लावला आणि पाच मिनिटांत तो निघून गेला. मांडीची लांबी मोजून त्या मापाने दांडी लांब किंवा आखूड करायची असते, म्हणजे यंत्राची बिजागरी आणि गुडघ्याचा सांधा एका रेषेत येतात, हे त्याने केलेच नाही. तीन दिवस यंत्र वाकत होते एका जागी आणि माझा गुडघा दुसऱ्या. प्रत्येक फेरीला टाच पट्ट्यातून बोटभर वर उचलली जायची आणि पोटरीला ओढ बसायची. पडद्यावर आकडा ९५ अंश दिसायचा आणि मी खूश व्हायचे. तिसऱ्या दिवशी घरी आलेल्या फिजिओथेरपिस्टबाईंनी यंत्र चालू असतानाच माझ्या गुडघ्याला कोनमापक लावला. यंत्र ९५ वर होते आणि गुडघा ८४ वर. त्यांनी दांडी चार सेंटीमीटरने लांबवली, तेव्हा कुठे दोन्ही आकडे जवळ आले. भाड्याने देणाऱ्यांना मी फोन केला, तर उत्तर मिळाले की यंत्र तर चालते आहे ना. माझ्या कसोटीवर हे यंत्र इथेच नापास होते: ते स्वतःचा कोन सांगते, माझ्या गुडघ्याचा नाही. तरीही सांधा आखडला नाही, रात्रीच्या वेळी त्या संथ घरघरीत झोप बरी लागली, आणि सहा आठवड्यांनंतर गुडघा १२५ अंशांपर्यंत वाकत होता, याचे काही श्रेय त्याला द्यावे लागेल. पण ते स्नायूचे काहीच काम करत नाही, आणि रोजचे सहा तास भरले की व्यायामही झाला असा जो समज होतो, तो फार महागात पडतो.

थंड पाणी फिरवणाऱ्या शेकाच्या यंत्राबद्दल दोनच ओळी पुरेत. बर्फाची साधी पिशवी, मध्ये कापड, १५ ते २० मिनिटे, पाय उशांवर छातीपेक्षा उंच, आणि वरून लवचीक पट्टीचा हलका दाब, यातून मला जेवढा आराम मिळाला त्याहून अधिक त्या यंत्रातून मिळाला नाही. यंत्र लावून झोपी जाणे तर धोक्याचेच, कारण गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला पोटरीच्या बारीक हाडाच्या डोक्याला वळसा घालून एक मज्जातंतू अगदी कातडीखालून जातो आणि तिथे फार वेळ गारठा लागला तर पाऊल उचलणे अवघड होऊ शकते. याच दिवसांतली आणखी एक गोष्ट, जरी ती परीक्षणात बसत नसली तरी: पोटरीत एकाच जागी दुखू लागले, ती सुजली, गरम लागली, किंवा अचानक धाप लागली, तर बर्फ आणि व्यायाम बाजूला ठेवून तातडीने डॉक्टर गाठावेत, कारण ती रक्ताची गुठळी असू शकते.

सगळ्यांत चमत्कारिक अनुभव होता तो मांडीच्या पुढच्या स्नायूचा. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी मला सांगितले गेले, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा आणि मांडी आवळून ती खाली दाबा. मी दात-ओठ खाऊन जोर लावत होते, कपाळावर घाम आला, डाव्या पायाची मांडी दगडासारखी झाली, आणि उजवी जशीच्या तशी लिबलिबीत. तार तुटावी तसे वाटले. कारण साधे आहे. सांध्यात पाणी साठले की तिथून निघणारे संदेश पाठीच्या कण्याच्या पातळीवरच त्या स्नायूची आज्ञा दाबून टाकतात. अवघे २०-३० मिलिलिटर पाणी साठले तरी मांडीचा आतला भाग मंदावतो. म्हणजे इच्छाशक्तीचा इथे काही संबंध नसतो, आणि सूज उतरवणे हाच स्नायू जागवण्याचा पहिला व्यायाम ठरतो. विजेचे झटके देणाऱ्या उपकरणाने मला इथे खरोखर हात दिला. गाद्या मांडीवर चिकटवायच्या, झटका आला की त्याच क्षणी आपणही मांडी आवळायची. नुसते पडून राहिले तर उपयोग फार थोडा. नवव्या दिवशी झटक्याशिवाय मांडी आवळली गेली आणि वाटी इंचभर वर सरकताना मला दिसली. हृदयात पेसमेकर असलेल्यांनी हे उपकरण डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. बॅटरीवर चालणारी जी लहान उपकरणे मिळतात, त्यांतल्या काहींचा झटका नुसत्या गुदगुल्यांपुरता असतो. विकत घेण्याआधी एकदा लावून पाहावे.

फिजिओथेरपीच्या दोन सेवांविषयी आता सविस्तर लिहिते, कारण खरा फरक तिथे पडला. सुरुवातीचे तीन आठवडे घरी येणाऱ्या बाई फक्त आठवड्यातून एकदा येत असत, म्हणून मी एका मोठ्या केंद्रात नाव घातले. जागा प्रशस्त, यंत्रे नवी, स्वागताला हसतमुख माणसे. एका वेळी एका फिजिओथेरपिस्टकडे सहा-सात जण. पहिल्याच दिवशी मला गरम शेक दिला, मग ध्वनिलहरींचे यंत्र फिरवले, आणि व्यायामाचा छापील कागद हातात ठेवला. घरी येऊन तो नीट वाचला तेव्हा लक्षात आले की तो कागद गुडघ्याचा सांधा बदललेल्या रुग्णांसाठीचा आहे. त्यात चौथ्या आठवड्यातच पूर्ण भार टाकून चालायला सांगितले होते. सांधा बदललेल्या माणसाला लवकर उभे करणे योग्यच असते, कारण धातूचा सांधा पहिल्या दिवसापासून भार पेलतो. माझी भर मात्र तेव्हा ओल्या गिलाव्यासारखी होती. मी हे दाखवून दिले तेव्हा तिथल्या मुलाने कागदावरची ती ओळ पेनाने खोडली आणि बाकीचा कागद तसाच परत दिला. आठ भेटींत माझा गुडघा कोणी एकदाही मोजला नाही. तिथे मी नवव्यांदा गेले नाही.

घरी येणाऱ्या बाईंनीच मग त्यांच्या छोट्या व्यायामशाळेत मला आठवड्यातून तीनदा बोलावले. जागा एवढीशी, की दोन माणसे एकाच वेळी पायरीचा व्यायाम करू शकत नाहीत. पण पहिल्या भेटीतच त्यांनी शस्त्रक्रियेचा तपशीलवार अहवाल मागितला होता, ज्यात जखम किती मोठी, नेमकी कुठे आणि गुडघा किती अंशांत वाकला की ती समोरच्या हाडाला टेकते, हे लिहिलेले असते. त्या कोनापाशी त्यांनी पहिले तीन महिने वजनाचा एकही व्यायाम दिला नाही. दुसरी गोष्ट, मी रात्री गुडघ्याखाली मऊ उशी घेऊन झोपत असे, कारण तसे बरे वाटे. ती उशी त्यांनी काढून घेतली आणि टाचेखाली ठेवली. गुडघा पाच अंश जरी वाकलेला राहिला, तरी पुढे आयुष्यभर लंगडणे नशिबी येऊ शकते, आणि वाकणे परत मिळवण्यापेक्षा पूर्ण सरळ करणे परत मिळवणे कठीण असते, हे त्यांनी तेव्हाच बजावले. वाटी बोटांत धरून वर-खाली, डावी-उजवीकडे हलवायला त्यांनी मला शिकवले, आणि रोज चार वेळा ते करायला लावले.

त्यांची तऱ्हा थोडी कडक आहे, हे सांगायला हवे. मी आत शिरता शिरता म्हणाले की आज अजिबात दुखत नाही, तर त्या म्हणायच्या, “दुखतंय का हे मी तुम्हाला विचारलेलंच नाही. सकाळी टेप किती आली ते सांगा.” वेळा वारंवार बदलायच्या, जागा लहान असल्याने कधी अर्धा तास बाहेर बसावे लागायचे, आणि शनिवार-रविवारी फोन उचलला जात नसे, जे दुसऱ्या आठवड्यात मला फार जड गेले. तरीही ही सेवा मी कोणालाही डोळे मिटून सुचवीन.

ती टेप म्हणजे शिंप्याची साधी मोजपट्टी, शिवणाच्या डब्यातली. रोज सकाळी, पलंगावरून उतरण्यापूर्वी, पाय सरळ ठेवून वाटीच्या मधोमध एक माप आणि वाटीच्या वरच्या कडेपासून १० सेंटीमीटर वर मांडीचे दुसरे माप. पट्टी ओढायची नाही, नुसती टेकवायची. पहिले माप सूज सांगते, दुसरे स्नायू, आणि दोन्ही पायांची मापे शेजारी शेजारी लिहिली की वहीचे एक पान महिनाभर पुरते. चौथ्या आठवड्यात माझी उजवी मांडी डावीपेक्षा साडेतीन सेंटीमीटरने बारीक होती. हे दहा महिने ज्याने मला खरे तेच सांगितले असे साधन हे एकच, आणि ते माझ्याकडे फुकट होते.

चौदाव्या आठवड्यात मी त्या टेपला न जुमानल्याचा प्रसंग घडला. इमारतीतील लिफ्ट बंद होती, गुडघा महिनाभर दुखला नव्हता, आणि मी नऊ मजले हातात पिशवी घेऊन उतरले. उतरून झाल्यावरही दुखले नाही, म्हणून त्याच संध्याकाळी मैदानावर जाऊन दहा मिनिटे बॅडमिंटनचे फटके मारून पाहिले, जागच्या जागीच. रात्री शांत झोप लागली. सकाळी टेपने गुडघ्याभोवती दीड सेंटीमीटर जास्त दाखवले आणि वाटीच्या वर बोटाने दाबल्यावर पाण्याची लाट दुसऱ्या बाजूला उमटली. सपाट जमिनीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीचपट तरी भार येतो, जिना उतरताना तो तिपटीच्याही पुढे जातो, आणि मी तो नऊ मजल्यांच्या दीडशे-पावणेदोनशे पायऱ्यांवर दिला होता. बाईंनी रागावण्याऐवजी वहीत तारीख आणि माप लिहून घेतले आणि मला दोन आठवडे मागे नेऊन ठेवले, पुन्हा सायकल आणि पाण्यात चालणे. तेव्हापासूनचा नियम असा, की नवीन काहीही केले की २४ तास थांबायचे, दुसऱ्या दिवशी सकाळचे माप आदल्या दिवसाइतकेच असेल तरच पुढचे पाऊल, आणि अर्ध्या सेंटीमीटरने जरी वाढले तरी भार कमी. एका वेळी एकच गोष्ट वाढवायची, वेळ किंवा वजन किंवा वेग. दोन एकदम वाढवल्या तर सूज कशाने आली हे कळत नाही.

व्यायामाची सायकल हे दुसरे साधन, ज्याला मी पूर्ण गुण देते. कूर्चेला जे हवे असते, म्हणजे भार फार न पडता हजारो वेळा दाबून सुटणे, ते सायकल देते. तिसऱ्या आठवड्यात मी पहिल्यांदा बसले तेव्हा फेरी पूर्ण होत नव्हती, कारण पायडल पूर्ण फिरायला गुडघा साधारण १०५ ते ११० अंश वाकावा लागतो. मग बैठक उंच करायची आणि घड्याळाच्या लंबकासारखे पुढे-मागे झोके घ्यायचे. एके दिवशी मागच्या दिशेने फिरवताना पायडल सरकन वरून पलीकडे गेले आणि मी एकटीच मोठ्याने हसले. उलटी फेरी आधी जमते आणि सरळ फेरी दोन-तीन दिवसांनी, असा पुष्कळांचा अनुभव असतो म्हणे. पहिले दोन महिने रोध शून्य ठेवायचा. बैठकीची उंची बारीक टप्प्यांनी बदलता येते का आणि शून्य रोधावर पायडल खरोखर हलके फिरते का, घेताना एवढेच पाहावे. पडदा, गाणी आणि चढ-उताराचे देखावे यांचा काही उपयोग नाही. पाठ टेकून बसायची सायकल सुरुवातीला सोयीची वाटते, पण तिच्यावर बसता-उठताना गुडघा जास्त मुडपावा लागतो.

जखमा पूर्ण बंद झाल्यावर पाण्यात चालणेही केले. छातीपर्यंतच्या पाण्यात शरीराचा जेमतेम तिसरा हिस्सा पायांवर येतो आणि कमरेपर्यंतच्या पाण्यात निम्मा, त्यामुळे कुबड्या सुटायच्या काळात चाल सुधारायला ते उत्तम. बेडकासारखे पाय मारायचे पोहणे मात्र टाळावे, कारण त्यात गुडघ्याला पीळ पडतो.

खेळाकडे परतण्याचा टप्पा लोकांना सगळ्यांत जास्त उत्सुकतेचा वाटतो, आणि तो सगळ्यांत कंटाळवाणा असतो. महिने मोजून परवानगी मिळत नाही, चाचण्या पार कराव्या लागतात. आधी एका पायावर खुर्चीतून उठणे, मग पायरीवरून सावकाश खाली उतरताना गुडघा आत न कलणे, मग हातात धरायच्या मापकाने मांडीची ताकद, आणि शेवटी एका पायावर लांब उडी मारून स्थिर उतरणे. दोन्ही पायांची तुलना करून दुखरा पाय चांगल्याच्या निदान ९० टक्के यावा लागतो. यातही एक पळवाट आहे, जी बाईंनी आधीच बुजवली: सहा महिने बसून चांगला पायही कमजोर होतो, त्यामुळे दोघे सारखेच लुळे असतील तर टक्केवारी छान दिसते. म्हणून त्यांनी शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आठवड्यात डाव्या मांडीची ताकद मोजून ठेवली होती आणि तुलना त्या जुन्या आकड्याशी केली. सातव्या महिन्यात मी सरळ रेषेत मंद धावले, एक मिनिट धावणे आणि दोन मिनिटे चालणे. आठव्या महिन्यात रॅकेटशिवाय मैदानावरच्या हालचाली, आधी पुढे-मागे, नंतर बाजूला, आणि वळून थांबणे सर्वांत शेवटी, कारण पायावर भार असताना वळण्यानेच ही कूर्चा उखडते. मधल्या काळात माझे वजन पाच किलोने उतरले. प्रत्येक उतरलेल्या किलोमागे चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो, हे वाचल्यापासून ते उतरवण्यात मला फारसा त्रास झाला नाही. तंतुमय कूर्चा काही वर्षांनी झिजू लागण्याची शक्यता असते, हे मला माहीत आहे, म्हणून मांडीचे व्यायाम आठवड्यातून तीनदा चालूच राहतील आणि उकिडवे बसून करायची कामे मी दुसऱ्यांवर सोपवली आहेत.

शेवटच्या चाचणीत डाव्या पायाची उडी १४२ सेंटीमीटर होती आणि उजव्याची १३१, म्हणजे ९२ टक्के. त्यानंतर आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, फक्त दुहेरी खेळायची परवानगी मिळाली आहे. एकेरी बाराव्या महिन्यापर्यंत नाही. सीपीएम आणि शेकाचे यंत्र केव्हाच परत गेले, ब्रेस कपाटाच्या माथ्यावर धूळ खातो आहे, कुबड्या एका शेजाऱ्यांनी नेल्या. सायकल खिडकीपाशी आहे. काल अर्धा तास खेळले, आणि आज सकाळी गुडघ्याचे माप परवाइतकेच, ३७ सेंटीमीटर.